ओपन सोर्स घटक असलेल्या उत्पादनावर स्वतःचा युला लावताना नेमकं कुठे अडतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: विंडोज आणि मॅकसाठी विकत द्यायचं डेस्कटॉप उत्पादन आहे, प्रशिक्षणाचे व्हिडिओ आणि पीडीएफ नोट्स एकत्र करणारं. त्यात पडद्यावरच्या खिडक्या-बटणांसाठी क्यूटी आणि व्हिडिओ हाताळायला एफएफएमपेग या लायब्ररी आहेत, एमआयटी आणि अपाचे २.० लायसन्सच्या बऱ्याच छोट्या लायब्ररी आहेत, आणि पीडीएफच्या पानांची चित्रं करायला पॉपलरचं कमांड-लाइन टूल (जीपीएलखालचं, म्हणजे पुढे वाटताना सोर्ससकट तेच हक्क द्यायला लावणाऱ्या लायसन्सखालचं) वेगळी प्रोसेस म्हणून चालवलं जातं. वकिलांनी नेहमीचा युला, म्हणजे वापरकर्त्याशी करायचा करार, तयार करून दिला आहे: कॉपी करू नये, बदल करू नये, रिव्हर्स इंजिनिअरिंग करू नये, एकाच मशीनवर वापरावं. इन्स्टॉलरमध्ये ‘मला मान्य आहे’ म्हटल्याशिवाय पुढे जाता येत नाही. शेवटी ‘ओपन सोर्स घटकांना त्यांची त्यांची लायसन्स लागू राहतील’ अशी ओळ टाकली की भागेल का?

नाही भागणार. एमआयटी आणि अपाचेच्या घटकांना ती ओळ जवळजवळ पुरते. एलजीपीएलला, म्हणजे क्यूटी आणि एफएफएमपेगच्या नेहमीच्या लायसन्सला, पुरत नाही, आणि जीपीएलचा कोड तुमच्याच प्रोग्रॅममध्ये लिंक होऊन, म्हणजे जोडला जाऊन, एक झाला असेल तर कितीही ओळी टाकून उपयोग नाही. यामागचं कारण एकच आहे. दुसऱ्याच्या कोडवर तुम्हाला जेवढे हक्क मिळाले आहेत, तेवढ्याच्याच आत तुम्ही अटी घालू शकता. युला मुळात तुमच्या स्वतःच्या कोडवरच्या तुमच्या मालकीतून उभा राहतो. तो एफएफएमपेगवर पसरवला की जी गोष्ट तुमची नाही तिच्यावर तुम्ही हुकूम चालवता.

तपासणीची सुरुवात मनाईच्या कलमांपासून करू नका. पहिल्या पानावरची ‘सॉफ्टवेअर’ची व्याख्या आधी काढा. साच्यातल्या युलामध्ये ती बहुधा ‘संगणक प्रोग्रॅम, त्यातले सर्व घटक, लायब्ररी, अद्ययावत आवृत्त्या आणि दस्तऐवज’ अशी असते. एवढी रुंद व्याख्या असली की पुढचं प्रत्येक क्रियापद आपोआप क्यूटी आणि पॉपलरवर जाऊन बसतं. त्यातच ‘सॉफ्टवेअरचे सर्व हक्क कंपनीकडे’ असं मालकीचं कलम असलं तर ते सरळ खोटं विधान ठरतं. एफएफएमपेगच्या अनुपालन यादीत यासाठी स्वतंत्र मुद्दा आहे: युलात कोडच्या मालकीचा दावा असेल, तर एफएफएमपेग आमच्या मालकीचं नाही हे तिथेच स्पष्ट लिहा. म्हणून ‘सॉफ्टवेअर’ची व्याख्या आधी ‘कंपनीने लिहिलेला कोड’ एवढी आवळून घ्या आणि बाकीच्यांसाठी ‘तृतीय पक्षाचे घटक’ अशी वेगळी व्याख्या करा. अर्धे वाद तिथेच मिटतात.

एमआयटी आणि तिच्यासारख्याच सैल बीएसडीबद्दल फार बोलायला नको. या लायसन्सखालचा कोड बायनरीत, म्हणजे चालवायच्या तयार फाइलीत, घालून त्या बायनरीवर स्वतःच्या कडक अटी लावता येतात, फक्त मूळ कॉपीराइटची सूचना आणि लायसन्सचा मजकूर सोबत द्यावा लागतो. व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा कोड एडिटर याचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण. त्याचा सोर्स एमआयटीखाली उघडा आहे, पण मायक्रोसॉफ्ट जी तयार बायनरी देते तिला वेगळं उत्पादन लायसन्स आहे. ज्यांना ते नको त्यांच्यासाठी त्याच सोर्समधून व्हीएसकोडियम बनतं. दोन्ही गोष्टी नियमात बसतात. अपाचे २.० च्या चौथ्या कलमात तर आपल्या बदलांवर किंवा संपूर्ण व्युत्पन्न कृतीवर (मूळ कोडवरून तयार केलेल्या कृतीवर) वेगळ्या अटी लावायची मुभा शब्दांतच दिली आहे. ‘नोटिस’ नावाची फाइल असेल तर ती पुढे न्यायची हे तेवढं विसरू नका. नवव्या कलमाचाही एक धागा युलाशी जुळतो: तुम्ही ग्राहकाला वॉरंटी किंवा नुकसानभरपाईची हमी देणार असाल, तर ती फक्त तुमच्या नावावर द्यायची, मूळ लेखकांना त्यात ओढायचं नाही.

मोझिलाचं एमपीएल हे लायसन्स सैल आणि कडक यांच्या मधलं आहे. त्याच्या २.० आवृत्तीचं कलम ३.२ बायनरीला वेगळं लायसन्स लावू देतं, पण त्यामुळे सोर्सवरचे हक्क कमी होता कामा नयेत. इथे कायद्याच्या पलीकडचाही अनुभव लक्षात ठेवा. २००८ साली उबुंटूच्या येऊ घातलेल्या आवृत्तीत फायरफॉक्स पहिल्यांदा उघडताना युलाची खिडकी येऊ लागली. मोझिलाचं तेव्हाचं लायसन्स बायनरीवर असा करार लावू देत होतं, तरी वापरकर्त्यांनी आणि वितरकांनी जोरदार विरोध केला. मोझिलाने युला मागे घेतला आणि त्याऐवजी ‘तुमचे हक्क’ सांगणारं, कशालाही ‘मान्य’ म्हणायला न लावणारं एक पान दिलं. बहुतेक उत्पादनांना प्रत्यक्षात एवढ्याचीच गरज असते.

आता एलजीपीएल. तुमच्या प्रश्नाचा गाभा इथे आहे आणि सर्वाधिक चुकाही इथेच होतात.

एलजीपीएल २.१ चं सहावं कलम म्हणतं: लायब्ररी वापरणारा तुमचा प्रोग्रॅम तुम्ही तुमच्या आवडीच्या अटींवर वाटू शकता, पण त्या अटींनी ग्राहकाला स्वतःच्या वापरासाठी त्या कृतीत बदल करू दिले पाहिजेत, आणि ते बदल डीबग करण्यासाठी रिव्हर्स इंजिनिअरिंगही करू दिलं पाहिजे. ३.० च्या चौथ्या कलमात हीच गोष्ट ‘एकत्रित कृती’च्या भाषेत आहे. ही परवानगी कशावर द्यायची आहे ते नीट पाहा. एफएफएमपेग उघडून बघायला रिव्हर्स इंजिनिअरिंग लागतच नाही, त्याचा सोर्स सगळ्यांसमोर आहे. परवानगी द्यायची आहे ती तुमच्या बंद कोडवर. ग्राहकाने एफएफएमपेगची बदललेली डीएलएल बसवली आणि प्रोग्रॅम कोसळला, तर त्याला डीबगर लावून तुमच्या कोडमध्ये काय होतंय ते पाहता आलं पाहिजे. म्हणूनच ‘ओपन सोर्स घटकांना त्यांची लायसन्स लागू’ ही ओळ अपुरी पडते. ती ओळ एफएफएमपेगला मोकळं करते, पण मनाई तुमच्या भागावर तशीच राहते, आणि एलजीपीएलचा आक्षेप नेमका त्याच मनाईला आहे.

वकील इथे बहुतेक वेळा सांगतात की आमच्या कलमात ‘लागू कायद्याने परवानगी असेल तेवढं वगळून’ असे शब्द आहेत. त्याने हे भोक बुजत नाही. भारताच्या कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये कलम ५२ च्या पहिल्या पोटकलमातले काही खंड इतर प्रोग्रॅमशी जुळवणी करण्यासाठी लागणारी माहिती मिळवायला आणि प्रोग्रॅमच्या कामाचं निरीक्षण करायला मुभा देतात, आणि त्या शब्दांत ती मुभा येते. पण एलजीपीएलची परवानगी कायद्यातून आलेली नाही, लायसन्समधून आली आहे. त्यामुळे ‘आणि तृतीय पक्षाच्या लायसन्सनुसार आवश्यक असेल तेवढं वगळून’ हे शब्द वेगळे लिहावे लागतात.

एफएफएमपेगची यादी तर रिव्हर्स इंजिनिअरिंगची मनाई युलातून काढूनच टाका असं सांगते. लायसन्सच्या शब्दांपुरतं पाहिलं तर नेमका अपवाद पुरेसा आहे. तरीही ज्या उत्पादनात लपवण्यासारखं फारसं नाही तिथे कलम काढून टाकणंच मला योग्य वाटतं. त्या मनाईने स्पर्धक थांबत नाहीत आणि दर आवृत्तीला अपवाद तपासत बसायचं काम मात्र वाढतं. कलम ठेवायचंच असेल तर मजकूर साधारण असा असावा:

‘वरील मनाई तृतीय पक्षाच्या घटकांना लागू नाही. तसेच एलजीपीएलखालील घटकांमध्ये ग्राहकाने स्वतःच्या वापरासाठी केलेले बदल चालवण्यासाठी आणि ते डीबग करण्यासाठी आवश्यक तेवढे संपूर्ण उत्पादनाचे रिव्हर्स इंजिनिअरिंग करण्यास परवानगी आहे. या करारातील कोणतीही अट आणि तृतीय पक्षाच्या घटकाचे लायसन्स यांत विसंगती आल्यास त्या घटकापुरते त्याचे लायसन्स प्रमाण मानले जाईल.’

शेवटचं वाक्य आवश्यक आहे, पण एकट्याने पुरत नाही: त्यातली सूट ‘त्या घटकापुरती’ आहे. संपूर्ण उत्पादनावरची परवानगी मधल्या वाक्यातून येते. साच्यातल्या मजकुरात नेमकं तेच वाक्य नसतं.

कागदावर परवानगी दिली आणि कोडने ती हिसकावली, तर कागदाला अर्थ उरत नाही. सुरू होताना डीएलएलचा हॅश तपासून बदललेली फाइल नाकारणारा कोड असेल, तर निदान एलजीपीएलच्या फाइली त्यातून वगळा. मॅकवर हार्डन्ड रनटाइम (ॲपलचं सुरक्षा कवच) चालू असलं की त्यातलं लायब्ररी व्हॅलिडेशन दुसऱ्या डेव्हलपरच्या ओळखीने (टीम आयडीने) सही केलेली लायब्ररी लोड होऊ देत नाही. त्यावर एक तर ते व्हॅलिडेशन बंद करणारं एन्टायटलमेंट, म्हणजे ॲपच्या सहीतली परवानगी, द्या, नाही तर ग्राहकाला स्वतःच्या मशीनवर पूर्ण ॲप पुन्हा साइन करता येईल असं ठेवा आणि त्याच्या पायऱ्या लिहून द्या. ॲप स्वतःचीच सही तपासून बंद पडत असेल तर पुन्हा साइन करण्याचा हा दुसरा मार्ग उरत नाही. स्टॅटिक लिंकिंग केलं असेल, म्हणजे लायब्ररी वेगळी फाइल न ठेवता थेट तुमच्या फाइलीत मुरवली असेल, तर पुन्हा लिंक करता येतील अशा ऑब्जेक्ट फाइली पुरवाव्या लागतात; डायनॅमिक ठेवणं सोपं.

युलाला हात लावण्याआधी तुमचं एफएफएमपेग खरंच एलजीपीएल आहे का ते पाहा. कुठून तरी तयार बायनरी उतरवली असेल तर बहुधा नाही. आवृत्ती विचारणारी कमांड चालवली की कॉन्फिगरेशनची ओळ दिसते. तिच्यात ‘एनेबल जीपीएल’ असेल तर ती बिल्ड जीपीएल आहे. एच.२६४ या व्हिडिओ प्रकारासाठी एक्स२६४ हा एन्कोडर जोडला की हा पर्याय चालू करावाच लागतो, आणि मग त्या लायब्ररी लिंक करणारा तुमचा प्रोग्रॅमही जीपीएलच्या कक्षेत येतो. ‘एनेबल नॉनफ्री’ दिसलं, उदाहरणार्थ जीपीएलसोबत फ्राउनहोफरचं एफडीके एएसी हे ऑडिओ एन्कोडर घातल्यामुळे, तर ती बायनरी वाटताच येत नाही. युला कसाही लिहा. अशा वेळी दोन्ही पर्याय बंद करून स्वतः बिल्ड करा आणि एच.२६४ साठी विंडोजवर मीडिया फाउंडेशन, मॅकवर व्हिडिओटूलबॉक्स वापरा, किंवा एक्स२६४ चं व्यावसायिक लायसन्स घ्या. सिस्कोचं ओपनएच२६४ हे एच.२६४ चं कोडेक हाही मार्ग आहे, पण तिथे गंमत उलटी आहे. सोर्स बीएसडी, आणि पेटंटची रॉयल्टी सिस्को भरते ती सिस्कोने स्वतः बांधलेल्या बायनरीपुरती. ती बायनरी ग्राहकाच्या मशीनवर वेगळी उतरली पाहिजे, तुमच्या इन्स्टॉलरमध्ये गुंडाळलेली चालत नाही. ती चालू-बंद करण्याचा ताबा ग्राहकाकडे हवा आणि सिस्कोच्या नावाची ठरलेली ओळ दाखवावी लागते. म्हणजे तुमच्या युलात आणि सेटिंगच्या पानावर दोन्हीकडे बदल आले.

क्यूटीबाबत दोन गोष्टी. बहुतेक मॉड्यूल एलजीपीएल ३.० खाली मिळतात, पण क्यूटी चार्ट्स, व्हर्च्युअल कीबोर्ड अशी काही फक्त जीपीएल ३.० किंवा व्यावसायिक लायसन्सखाली आहेत. आलेखासाठी एखाद्याने सहज चार्ट्स जोडलं की युलाचं सगळं गणित बदलतं. आणि हेच सॉफ्टवेअर उद्या घरगुती उपकरणात घालून विकणार असाल, तर एलजीपीएल ३.० नुसार बदललेली लायब्ररी त्या उपकरणावर बसवण्याची माहितीही द्यावी लागते. बूट लॉक असलेलं उपकरण आणि ‘उपकरणात फेरफार करू नये’ म्हणणारा युला ही जोडी तिथे चालत नाही. पुण्यात गाड्यांची आणि उपकरणांची एम्बेडेड सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी हे डिझाइनच्या टप्प्यावरच विचारात घ्यावं.

आता जीपीएल. जीपीएल २.० च्या सहाव्या कलमात आणि ३.० च्या दहाव्या कलमात सारखीच अट आहे: मिळालेल्या हक्कांवर पुढे आणखी निर्बंध घालायचे नाहीत. ‘आणखी निर्बंध’ म्हटलं की लोकांना कॉपी करण्याची मनाई किंवा मशीनची मर्यादाच आठवते. पण ‘अठरा वर्षांवरील व्यक्तींनीच वापरावे’, ‘अणुभट्टीत वापरू नये’, ‘बेंचमार्कचे निकाल प्रसिद्ध करू नयेत’, ‘कंपनी ऑडिट करू शकेल’ हेही निर्बंधच आहेत. निर्यात नियमांचं कलम सगळ्यात निरुपद्रवी दिसतं. ‘या देशांचे निर्यात कायदे तुम्हाला लागू असू शकतात’ ही माहिती देणं ठीक. तो कायदा तुमच्या परवानगीविना लागू आहेच. तेच ‘या अटीवर तुम्हाला हे लायसन्स दिले जात आहे’ असं लिहिलं की तो निर्बंध झाला. जीपीएल ३.० चं सातवं कलम सहा प्रकारच्या जादा अटींना जागा देतं, जसं वेगळ्या शब्दांत वॉरंटी नाकारणं, श्रेयाच्या सूचना जपणं, ट्रेडमार्कचा हक्क न देणं. त्या सहांत न बसणारी प्रत्येक प्रतिबंधक अट ‘आणखी निर्बंध’ धरली जाते.

तुमचं पॉपलरचं टूल मात्र वेगळी प्रोसेस आहे. त्याला कमांड-लाइनवर फाइलचं नाव दिलं जातं आणि बाहेर आलेलं चित्र उचललं जातं. अशा स्वतंत्र प्रोग्रॅमना एकाच इन्स्टॉलरमध्ये ठेवणं म्हणजे नुसतं एकत्र ठेवणं, ते दोन्ही आवृत्त्यांना मान्य आहे. पण हे वेगळेपण करारातही दिसलं पाहिजे. टूल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, त्याच्या शेजारी जीपीएलचा पूर्ण मजकूर ठेवा, युलाच्या व्याख्येतून ते नावानिशी वगळा, आणि नेमक्या त्याच आवृत्तीचा सोर्स बायनरी मिळते त्याच ठिकाणी ठेवा. सोर्स देण्याचं लेखी आश्वासन हा जीपीएल २.० मधला दुसरा मार्ग, पण ते किमान ३ वर्षं पाळावं लागतं, आणि ३ वर्षांनी ती बिल्ड कोणाला सापडत नाही. संगणकात दुसरा आभासी संगणक चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्सची रचना याच धर्तीची आहे: मूळ पॅकेज जीपीएल, आणि एक्स्टेन्शन पॅक वेगळी फाइल, वेगळ्या करारासकट.

इन्स्टॉलरच्या ‘मान्य’ बटणाकडे वळू. जीपीएल २.० चं पाचवं कलम आणि ३.० चं नववं कलम म्हणतं की प्रत मिळवायला किंवा चालवायला हे लायसन्स स्वीकारावं लागत नाही. बदल किंवा वितरण केलं तरच त्याचा स्वीकार गृहीत धरला जातो. त्यामुळे जीपीएलचा मजकूर दाखवून ‘मान्य’ करायला लावणं चुकीची समजूत पसरवतं, आणि स्वतःचा युला मान्य केल्याशिवाय जीपीएल टूल मशीनवर उतरूच न देणं हा वादाचा मुद्दा होतो. तुमच्या बाबतीत युला फक्त तुमच्या भागासाठी आहे हे पानाच्या वरच लिहा. इन्स्टॉलर बनवायला इनो सेटअप वापरत असाल तर ‘लायसन्सफाइल’ निर्देशाला फक्त स्वतःचा युला द्या. तो निर्देश स्वीकाराचं बटण आणतो. ओपन सोर्सची यादी ‘इन्फोबिफोरफाइल’ने दाखवा, ते पान वाचून नुसतं पुढे जाता येतं.

मॅकची आवृत्ती ॲप स्टोअरवर टाकण्याचा विचार असेल तर तिथे दुसरा करार तुमच्या डोक्यावर येतो, आणि त्यात तुमचा शब्द चालत नाही. २०१० साली जीएनयू गो हा खेळ आणि २०११ च्या जानेवारीत व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर ॲपलच्या स्टोअरवरून गेलं ते याच कारणाने: स्टोअरच्या वापराच्या अटी जीपीएलच्या ‘आणखी निर्बंध नाहीत’शी जुळत नव्हत्या. व्हीएलसीच्या मंडळींनी इंजिन एलजीपीएलवर नेलं, त्यासाठी शेकडो लेखकांची संमती गोळा केली, आणि २०१३ मध्ये ते आयफोनवर परतलं. पॉपलरच्या टूलसकट तुमचं पॅकेज स्टोअरवर टाकू नका. नोटरायझेशन, म्हणजे ॲपलकडून घातक कोडची तपासणी, करून स्वतःच्या साइटवरून द्या. नोटरायझेशन ग्राहकावर कोणतीही अट लादत नाही.

एक वेगळं प्रकरण लोक यात मिसळतात: मूळ मालकानेच ओपन सोर्स लायसन्सला जादा कलम जोडलेलं असतं तेव्हा काय? निओफोरजे या डेटाबेस कंपनीने २०१८ मध्ये एजीपीएल ३.० ला (नेटवर्कवरच्या सेवांनाही लागू होणाऱ्या जीपीएलच्या रूपाला) विक्रीवर बंदी घालणारं ‘कॉमन्स क्लॉज’ जोडलं. काही जणांनी लायसन्सच्या सातव्या कलमाचा आधार घेऊन ते जादा कलम काढून वितरण केलं, आणि निओफोरजेने त्यांच्यावर दावा लावला. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया उत्तर जिल्हा न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं की सातवं कलम पुढे वाटणाऱ्याला बांधतं, मूळ कॉपीराइटधारकाला नाही. नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २०२२ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. जीपीएल लिहिणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची भूमिका याच्या विरुद्ध आहे, आणि लायसन्सचे शब्द वाचता ती मला पटते. तरी उत्पादन विकणाऱ्याने न्यायालयात तत्त्वाची लढाई लढू नये: ‘एजीपीएल अधिक काही तरी’ असं दिसलं की तो घटक बंद लायसन्सचा समजा आणि पर्याय शोधा.

देखभालीचे करार याहून निराळे. ग्राहकाने सोर्स पुढे वाटला तर पुढचे अपडेट बंद करू, अशी अट लिनक्सचे सुरक्षा बदल देणाऱ्या ग्रसिक्युरिटीच्या करारात होती आणि २०२३ पासून रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या सदस्यत्वाबद्दलही हाच वाद चालू आहे. दिलेल्या आवृत्तीवरचा हक्क शाबूत ठेवून पुढची सेवा नाकारणं हा निर्बंध आहे की नाही, यावर जाणकारांतच दोन तट आहेत. तुम्हाला त्या काठावर जायचं कारण नाही. तुमच्या सपोर्ट करारात असं कलम असेल तर काढा.

दुरुस्ती करताना नेहमी निसटणाऱ्या जागा: युलाचे हिंदी, मराठी, जर्मन अनुवाद, वेबसाइटवरच्या सेवा-अटी, ज्यात ‘सॉफ्टवेअर’ची जुनी रुंद व्याख्या तशीच असते, आणि पुनर्विक्रेत्याचा स्वतःचा करार, जो तुमच्या युलाच्या वर बसतो. त्या पुनर्विक्रेत्यावर ही वगळलेली कलमं पुढे नेण्याचं बंधन तुमच्याशी झालेल्या करारात घाला.

जुना युला लावून आवृत्ती आधीच विकली गेली असेल तर गप्प बसून पुढच्या आवृत्तीत बदलू नका. जीपीएल २.० आणि एलजीपीएल २.१ मध्ये अट मोडली की वितरणाचा हक्क आपोआप संपतो, दुरुस्तीला मुदत नाही. ३.० मध्ये आहे: उल्लंघन थांबवलं की हक्क तात्पुरता परततो, आणि थांबवल्यापासून ६० दिवसांत कॉपीराइटधारकाची सूचना आली नाही तर कायमचा. त्या धारकाकडून पहिल्यांदाच सूचना आली आणि ती मिळाल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केलं, तरीही हक्क कायम परततो. एफएफएमपेगचा मुख्य भाग ‘२.१ किंवा नंतरची आवृत्ती’ या शब्दांनी दिलेला असल्यामुळे ३.० निवडण्याचा मार्ग उघडा आहे, पण मग त्यातली बाकीची कलमंही पाळायची. आज करायचं ते असं: जुना इन्स्टॉलर साइटवरून काढा, सुधारित युला आणि सोर्ससह नवा ठेवा, आणि आधीच्या सर्व ग्राहकांना लेखी कळवा की नव्या करारातल्या सवलती त्यांच्याकडच्या आवृत्तीलाही लागू आहेत. त्या पत्राची तारीख आणि प्रत जपून ठेवा. कोणी विचारलं तर उल्लंघन कधी थांबलं हे त्यावरूनच दाखवता येतं.